मी सांगितलेला कौल

पंधरा वर्षं ही गोष्ट माझ्याकडं आहे, आणि फक्त माझ्याकडंच आहे. बायकोला माहीत नाही. मुलीला माहीत नाही. जिच्याबद्दल ती आहे तिलाही मी सांगितली नाही, आणि आता सांगता येणार नाही. माझी थोरली बहीण, सुमनआक्का, तीन महिन्यांपूर्वी गेली. तुम्हाला का सांगतोय? नक्की कळत नाही. तुम्ही तिला ओळखत नव्हता म्हणून असेल. तिला ओळखणाऱ्यांसमोर माझं तोंड उघडत नाही.

सरळ मुद्द्यावर यायला हवं. पण मला सरळ येता येत नाही, आणि हे विचित्र आहे, कारण आयुष्यभर मी लोकांना सरळ विचार कसा करावा हेच शिकवत आलो.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. एकतीस वर्षं. त्या नोकरीत माणूस बोलका होत नाही, वाचता होतो. निर्णय कसे घ्यावेत, मन स्वतःला कसं फसवतं, बरं जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं — अशा विषयांवरची पुस्तकं मी शोधून शोधून वाचली, आणि कामाचं तेवढं एका जाड वहीत उतरवलं. पुढं माझ्याकडं लोक यायला लागले. शनिवारी दुपारी, आमच्या बाहेरच्या खोलीत, सात-आठ जण. कुणाला पक्की नोकरी सोडून दुकान टाकायचं असे, कुणाला मुलीला पुण्याला शिकायला पाठवावं की नाही ते ठरवता येत नसे. मी कोरा कागद घेई, मधोमध रेघ मारी. एका बाजूला 'जावं', दुसऱ्या बाजूला 'राहावं'. मग माझे ठरलेले प्रश्न. दहा वर्षांनी मागं बघताना कशाची हळहळ जास्त वाटेल, केल्याची की न केल्याची? पाऊल चुकलं तर परत येता येईल का? येत असेल तर मग इतकं घाबरायचं कशाला? आणि सगळ्यात शेवटी: हाच प्रश्न घेऊन तुमचा जिवलग मित्र तुमच्याकडं आला असता, तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?

या शेवटच्या प्रश्नाला लोक हमखास गप्प व्हायचे. मला ते गप्प होणं आवडायचं. हेही सांगून टाकतो.

आक्का चहा घेऊन येई. ट्रे ठेवता ठेवता जमलेल्यांकडं बघून म्हणे, "आज किती पेशंट हाईत, डॉक्टर?" सगळे हसत. मग माझ्या खांद्यावरून कागदावर वाकून बघे. "ह्यात जेवाण कोण करणार ते कुठं लिवलंय?" पुन्हा हशा. मीही हसे.

ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. एकोणतिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. मूल नव्हतं. ती आमच्याकडं परत आली — परत आली म्हणजे काय, तर आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, आणि मग तिथंच राहिली. माझं लग्न झालं, बायकोला शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली, वडील गेले, आईला अर्धांगवायू झाला. या सगळ्या काळात आमच्या घरात एकही दिवस असा गेला नाही, की वेळेवर भाकरी झाली नाही. ती कोण करतं, का करतं, तिला दुसरं काही करावंसं वाटतं का? विचार कसा करावा हे शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा विचार आला नव्हता. किंवा आला असेल आणि मी तो बसू दिला नसेल. मला आता यातलं काय खरं ते सांगता येत नाही.

मग शैलाताई आल्या.

शैलाताई आक्काची शाळेतली मैत्रीण. त्यांच्या नवऱ्याचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक कारखाना होता, दीडेकशे कामगारांचा. तिथली कँटीन चालवणारा माणूस सोडून गेला होता. त्या आल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "सुमे, तू ये. हाताखाली दोन बायका देते, ऱ्हायला खोली देते. तिथं तू म्हणशील तसं."

"माझ्या हातचं खाऊन तुझी माणसं मशीनवर झोपतील की गं."

"झोपू देत की. उठवायला मी हाय."

दोघी हसल्या. मी वर्तमानपत्र वाचत होतो. आक्का तशी हसलेली मी फार वर्षांनी ऐकली, आणि — हे मला अजून समजत नाही — मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हात पुसत माझ्या टेबलापाशी आली. "बापू, माझा बी एक कागद कर."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी कागद घेतला, रेघ मारली. कागद मी प्रामाणिकपणे केला, हे मात्र खरं आहे. दहा वर्षांनी काय वाटेल? ती म्हणाली, "दहा वर्सांनी मी साठीची. तवा मला कोण बोलवायला येतंय?" परत येता येईल का? "घर कुठं पळून चाललंय?" आईचं काय? त्यावर आमच्या हिनंच आधी सांगून ठेवलं होतं, की दिवसभरासाठी एक बाई लावू, रात्री मी आहेच. शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा आक्का सगळ्यांसारखीच गप्प झाली. मग म्हणाली, "शैलीनं मला इचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, जा बाई."

'जावं'ची बाजू खालपर्यंत भरली होती. 'राहावं'खाली दोन ओळी होत्या.

"मग? काय म्हणतोय तुझा कागद?"

मी कागदाची घडी घातली. "बरोबरीत आलाय, आक्का," मी म्हणालो. "दोन्हीकडं सारखंच आहे."

तिनं कागद मागितला नाही. माझ्या कागदावर तिचा विश्वास होता, की माझ्यावर? या दोन्हींत फरक आहे का?

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही. हे खोटं होतंच, पण हे ते खोटं नाही.

ती म्हणाली, "बरोबरीत आसंल तर देवीला इचारू."

आमच्या आईचं माहेर गगनबावड्याच्या अलीकडं एका लहान गावात. तिथल्या गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवतो, माणसाचा प्रश्न मोठ्यानं सांगतो, आणि मग वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, घराची जागा — आईच्या माहेरची माणसं देवीला विचारल्याशिवाय काही करत नाहीत. शनिवारच्या बैठकीत मी यावर बरंच बोललो होतो. पाणी सुकलं की कळी पडते, यात देवी कुठं आली, वगैरे.

पण त्या दिवशी मी चटकन हो म्हणालो. का? माझ्या वहीत एक टिपण होतं: दोन्ही पारडी अगदी समान असतील तर कसाही निकाल लावा, पण लावा, लोंबकळत राहण्यात जास्त नुकसान आहे. मी आक्काला हे सांगितलंसुद्धा. म्हणालो, कौल म्हणजे तरी काय, अडलेला निर्णय मार्गी लावायची एक जुनी रीत. ती म्हणाली, "तू देवीला बी वहीत घातलंस की रं." पारडी समान नव्हती. काटा मीच मारला होता. आणि मनात हिशेब असा, की निम्मी शक्यता आपल्या बाजूची. डावी पडली, तर मला काहीच करावं लागणार नाही. नकार देवीचा.

आईला सोडून आक्काला जाता येत नव्हतं. म्हणून मी गेलो. सकाळच्या एसटीनं.

देवळात गुरव आणि मी, दोघंच. तो म्हातारा होता, आईला ओळखणारा. त्यानं कळ्या पाण्यात बुडवल्या, लावल्या, आणि देवीशी बोलायला लागला, शेजारच्या बाईशी बोलावं तसं. "आई, सुमन तुझी लेक हाय. बाहेर लोकांचं जेवाण करायला निघालीय. जायाचं आसंल तर उजवा दे, थांबायचं आसंल तर डावा दे. खेळवू नगंस."

मी हात जोडून उभा होतो आणि डाव्या खांद्यावरच्या कळीकडं बघत होतो. पड, पड, असं मनात म्हणत होतो. देव न मानणारा मी आणि ते माझे जोडलेले हात. मी कुणाला सांगत होतो ते? 

उजवी पडली. लगेच. मी नीट श्वाससुद्धा घेतला नव्हता.

"उजवा!" गुरव मोठ्यानं म्हणाला. "झटक्यात दिला की, पावणं! लई येळा तास तास बसाय लागतंय हितं." त्यानं ती पडलेली कळी उचलली, पानात गुंडाळली, माझ्या हातात ठेवली. "लेकीला द्या. म्हणावं, जा."

ते पान मी शर्टाच्या खिशात ठेवलं. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मी ते काढलं आणि तिथल्या कठड्यावर ठेवून दिलं. टाकलं नाही, ठेवलं. यात मला तेव्हा काही फरक वाटला होता. पण मला आजवर न सुटलेलं कोडं हे, की तोपर्यंत मी काही ठरवलेलं नव्हतं. एसटीत दोन तास मी खिडकीतून बाहेर बघत आलो. आक्काला काय सांगायचं याचा विचार केला नाही, खोटं बोलू की खरं, असं एकदाही मनात आलं नाही. मग हात आपोआप खिशात कसा गेला? ज्याला आपण निर्णय म्हणतो तो कधी झाला? माझ्या वहीत या क्षणाबद्दल काहीच नाही. सगळे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत नाहीतर नंतरचे.

घरी आलो. आक्का भाकरी थापत होती.

"काय दिलं रं?"

"डावा," मी म्हणालो.

तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "देवीला बी आमच्या घरचंच जेवाण आवडतंय म्हणायचं." आणि मला पाट घ्यायला सांगितलं.

आता हे सांगून झालं. कौल उजवा होता आणि मी डावा सांगितला.

तिचं ते वाक्य मी पंधरा वर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे. ती थट्टा करत होती का? तिला कळलं होतं का? कळलं असेल तर तिनं गुरवाकडं निरोप पाठवून विचारलं का नाही? आणि कळलं नसेल, तर त्या थट्टेत एवढं अचूक काय लागलं होतं? कधी वाटतं, ती स्वतःच जायला घाबरत होती आणि मी तिला वाट काढून दिली. हे वाटलं की दोन दिवस मला बरं वाटतं. मग मला तिचं शैलाताईंबरोबरचं हसणं आठवतं.

का केलं? लोकांना आईचं कारण सांगता आलं असतं. पण आईची सोय झाली होती, ते आधीच सांगितलं. मला संध्याकाळी पाच ते आठ वाचायला मिळायला हवं होतं. आक्का गेली असती तर आमच्या हिला स्वयंपाक, मला बाजार, आईचे कपडे बदलणं — तीन तासांतला एक तास गेला असता. एक तास. याहून मोठं कारण मी फार शोधलं. मला ते सापडलेलं नाही.

आणि त्या तीन तासांत मी वाचत काय होतो? चांगलं कसं जगावं तेच.

यापुढचं सांगायला जास्त जड जातं, कारण ते मी पुन्हा पुन्हा केलं. शनिवारच्या बैठकीत मी आक्काचं उदाहरण द्यायला लागलो. नाव न घेता, "आमच्या नात्यातल्या एक बाई" म्हणून. त्यांना एक संधी आली, ठरेना, त्यांनी कौल लावला, नकार आला आणि त्या शांत झाल्या. बघा, मी म्हणायचो, निर्णय कोणत्या मार्गानं झाला याला फारसं महत्त्व नाही. झालेला निर्णय मनापासून स्वीकारला की मन निवतं. लोक लिहून घ्यायचे. एकदा आक्का चहा घेऊन दारात उभी होती आणि मी हेच सांगत होतो. ती आत आली, कप वाटले, त्या दिवशी पेशंट मोजले नाहीत.

चार वर्षांनी आई गेली. आता तर काहीच अडचण नव्हती. शैलाताई पुन्हा येऊन गेल्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, 'आक्का, मी तेव्हा खोटं सांगितलं, तू जा.' तेरा-चौदा दिवसांत सांगू, सुतक संपलं की सांगू, दिवाळी झाली की सांगू. सांगायला अकरा वर्षं होती. परत येता येईल का, हा प्रश्न मी इतक्या लोकांना विचारला — खोट्यावरून परत येता येतं का, हा मला कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

शेवटी ती आठ दिवस दवाखान्यात होती. दुपारी मी जवळ बसायचो. ती शुद्धीत होती, बोलत होती. मागच्या दाराची कडी नीट लागत नाही, ती दुरुस्त करून घे, म्हणाली. करून घेतली. नवव्या दिवशी सकाळी गेली.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. मला माहीत होतं, आता कावळा शिवणार नाही. म्हणजे — मी असलं काही मानत नाही, पण मला माहीत होतं. बराच वेळ थांबावं लागेल, मग कुणी म्हणेल, तिची काही इच्छा राहिलीय का, बोला, आणि सगळे माझ्याकडं बघतील. मी मनात वाक्य जुळवूनसुद्धा ठेवलं होतं. आणि आम्ही पाच पावलं मागं सरकलो तोच कावळा आला आणि खायला लागला. मामेभाऊ म्हणाला, "बघ बापू, आक्काचं काय बी राह्यलं न्हवतं. तू केलंसच तेवढं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी तिथं उभा राहून काय समजायचं होतं? कावळ्याला काही कळत नाही म्हणावं, तर कळीलाही कळत नव्हतं. मग मी नुसत्या एका ओल्या कळीबद्दल खोटं बोललो, त्यात एवढं काय? पण मग ते खोटं मी पंधरा वर्षं का लपवलं? आणि कावळ्याला कळतं म्हणावं, तर तिनं मला माफ केलं असं होतं. ते मला घेता येत नाही. कारण मग कळीचंही खरं धरावं लागेल, आणि देवी 'जा' म्हणत असताना मी तिला थांबवलं. दोन्हीकडून मी तिथंच येतो. शनिवारच्या बैठकी मी बंद केल्या आहेत. तब्येतीचं कारण सांगितलं.

मागच्या आठवड्यात शैलाताई भेटायला आल्या. आता गुडघ्यांनी थकल्यात, काठी घेऊन चालतात. दुपारची वेळ होती, ही पाणी आणायला आत गेली होती. त्या आक्काच्या फोटोकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तीन डाव आलते मी तिला न्यायला. म्हणायची, देवीनं न्हाय म्हटलंय, शैले. मला वाटायचं, मीच कमी पडले. हाताला धरून न्यायला पायजे हुतं." माझ्याकडं वळल्या. "तुम्हीच गेलता न्हवं कौलाला, बापू? डावाच दिलता न्हवं?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

या वेळी मला काहीही नको होतं. आई नाही, आक्का नाही, संध्याकाळचे तीन तास आता दिवसभर पसरलेले असतात. खरं सांगितल्यानं माझं काही जाणार नव्हतं. फार तर एक म्हातारी बाई माझ्या घरातून उठून गेली असती. आणि ती स्वतःला दोष देत होती, ते थांबलं असतं.

"हो," मी म्हणालो. "डावा."

"देवीपुढं कुणाचं चालतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे पुसले. चहा घेतला. मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो, रिक्षा थांबवली, काठी आत ठेवली. बसल्यावर त्यांनी हात बाहेर काढला. "लई जपलंसा बहिणीला," म्हणाल्या, आणि तो हात माझ्या डोक्यावर ठेवायला उचलला. त्यांचा हात पोचत नव्हता. तो पोचावा म्हणून मी वाकलो.